पक्षाघातानंतर हाताला करंट देण्याचं मशीन : हालचाल खरंच परत येते का?

रानजाई

मंडळी, अनुभव हवे आहेत. पक्षाघातानंतर हातावर पॅड चिकटवून जो करंट देतात, त्याने हाताची हालचाल कायमची परत येते का, की मशीन चालू असेपर्यंतच सगळं?

बाबांच्या अंगावरून वारं गेलं त्याला तीन महिने होत आले. उजवी बाजू गेली होती. बोलणं बरंच सुधारलं, पाय आला, काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. हात मात्र मागे राहिला. खांदा थोडा उचलतात, कोपर वाकतं, मूठही वळते. पण वळलेली मूठ उघडत नाही. डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागतं.

फिजिओ ताई एक दिवसाआड घरी येतात. कोपराच्या खाली, हाताच्या मागच्या बाजूला दोन पॅड लावतात. मशीन चालू झालं की मनगट वर येतं आणि बोटं उलगडतात. मशीन बंद केलं की हात परत होता तसा. भाऊ म्हणतो, घरीच मशीन घेऊ आणि रोज दोन-तीन तास लावू. शेजारी म्हणतात, हा पैसे काढायचा उद्योग आहे. डॉक्टर "करून बघा" एवढंच म्हणाले.

बाबा डाव्या हाताने जेवायला तयार नाहीत आणि आईने भरवलेलं त्यांना त्याहून नको वाटतं. त्यांचं मागणं एकच आहे, उजव्या हाताने भाकरी मोडून खाता आली पाहिजे. मशीन घ्यावं का? कोणतं? किती वेळ लावायचं?

कोकणकडा

आमच्या काकांना वर्षभर लावलं. शून्य फरक. हात अजून पोटाशी घट्ट धरलेला असतो. माझ्या मते पैसे आणि आशा दोन्ही वाया जातात. कडू वाटेल, पण अनुभव विचारलात म्हणून सांगितलं.

बे_एके_बे

मशीन घ्यायच्या आधी दोन गोष्टी सांगा. बाबांना पेसमेकर बसवलाय का? आणि पक्षाघातानंतर कधी फिट आली होती का?

रानजाई

पेसमेकर नाही, फिटही आली नाही. बीपी आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे.

हातखंडा

रानजाई, मी फिजिओथेरपिस्ट आहे, मेंदूच्या आजारांचेच रुग्ण जास्त बघते. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या फिजिओ ताईंचा. पण प्रश्न इतका नेमका विचारलाय की सविस्तर लिहिते.

पक्षाघातात बिघाड मेंदूत होतो. हातातल्या नसा आणि स्नायू शाबूत असतात, त्यांच्यापर्यंत हुकूम पोचत नाही एवढंच. म्हणून त्वचेवरून नसेला विजेचा लहानसा झटका दिला की स्नायू लगेच आखडतो आणि बोटं उघडतात. बघणाऱ्याला वाटतं हात आला. तसं नसतं. पहिल्या दिवशीही बोटं अशीच उघडली असती, कारण हे काम मशीन करतंय, मेंदू नाही.

मग उपयोग काय? तर मशीन बोटं उघडतं त्याच क्षणी बाबांनी स्वतः बोटं उघडायचा जीव तोडून प्रयत्न करायचा. मेंदूतून निघालेला प्रयत्न, प्रत्यक्ष झालेली हालचाल आणि हातातून परत मेंदूकडे गेलेली जाणीव हे तिन्ही एकाच वेळी घडलं पाहिजे. तेव्हा शिल्लक राहिलेल्या वाटा मजबूत व्हायला मदत होते. बाबा टीव्ही बघतायत आणि हात बाजूला उशीवर आपला उघड-मीट करतोय, याने स्नायू रोडावत नाही, सांधे मोकळे राहतात, पण भाकरी मोडता येणार नाही.

म्हणून दोन-तीन तासांचं काही खरं नाही. विजेने काम करताना स्नायूचे तेच ते तंतू एकदम कामाला लागतात, त्यांना पाळीपाळीने विश्रांती मिळत नाही. आपण स्वतः हात हलवतो तेव्हा ती मिळते. त्यामुळे मशीनवर स्नायू लवकर थकतो. वीस ते तीस मिनिटं, दिवसातून एकदा किंवा दोनदा, आणि ती सगळी लक्ष देऊन.

आम्ही साधारण ३० ते ४० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तेवढे झटके), झटक्याची रुंदी (एक झटका किती वेळ टिकतो) ३०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, सुरुवातीला १० सेकंद चालू आणि २० ते ३० सेकंद बंद असं ठेवतो. करंट हळूहळू चढणारा हवा, एकदम धक्का बसला तर आखडलेले स्नायू आणखी आखडतात. हे आकडे फिजिओ ताईंना दाखवा आणि त्यांच्याकडूनच मशीनवर बसवून घ्या.

पेसमेकर किंवा हृदयातलं तसलं दुसरं यंत्र असेल तर हे वापरायचं नाही. गळ्याच्या पुढच्या भागावर पॅड कधीच नाही. जखम, पुरळ, कर्करोगाची गाठ किंवा शिरेत गुठळी असलेल्या जागी नाही. गरोदरपणात आणि फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि बाबांना त्या हाताला स्पर्श नीट कळतो का ते आधी बघा. कळत नसेल तर करंट जास्त झालेला त्यांना समजणार नाही आणि त्वचा भाजेल.

घाटमाथा

हातखंडा ताईंना अनुमोदन. एक तांत्रिक भर घालतो, कारण इथे बरेच जण फसतात.

ऑनलाइन "करंटचं मशीन" शोधलं की जे स्वस्तात दिसतं ते बहुतेक टेन्स असतं. ते दुखणं कमी करण्यासाठी आहे. त्याचा करंट संवेदना नेणाऱ्या नसांना गुदगुल्या करतो, मुंग्या येतात, दुखणं दबतं. स्नायू जोरात आखडावा अशी त्याची मांडणी नसते, आणि अनेकांत ठरावीक सेकंद चालू, ठरावीक सेकंद बंद ही सोयच नसते. तुम्हाला हवंय ते स्नायूसाठीचं, त्यावर ईएमएस किंवा एनएमईएस लिहिलेलं असतं. काही मशीनमध्ये दोन्ही प्रकार असतात, ती चालतील. चालू-बंदचा वेळ, हर्ट्झ, झटक्याची रुंदी आणि चढाचा वेळ या चारही गोष्टी हाताने बदलता आल्या पाहिजेत. पोटाला बांधून व्यायाम करायचे पट्टे मिळतात, ते यासाठी नकोत.

बॅटरीवर चालणारं घ्या. ते भिंतीच्या विजेपासून वेगळं राहतं आणि गावाकडे वीज गेली तरी बाबांचा व्यायाम चुकत नाही.

दुपारचा_चहा

आमच्या आजीचा किस्सा. तिला हे मशीन लावायचो तेव्हा ती मशीनला "सूनबाई" म्हणायची. का, तर सांगितल्याबरोबर हात उचलते! आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "तिच्याकडूनच चहा करून घ्या मग!" हसण्यामुळे का होईना, आजी रोज वेळेवर मशीनला बसायची.

आजीचा हात पूर्ण आला नाही, पण वाटी धरून ठेवण्याइतका आला.

औषधीबाग

या सगळ्या कृत्रिम विजेपेक्षा आयुर्वेदात पक्षाघातावर स्पष्ट उपचार सांगितले आहेत. वात हे मूळ आहे. चांगल्या वैद्यांकडून स्नेहन (तेल-तूप), स्वेदन (शेक), बस्ती (औषधी एनिमा) करून घ्या. रोज कोमट तेलाने मालिश तरी नक्की करा. माझ्या मावशीला खूप आराम पडला.

हातखंडा

औषधीबाग, मालिशला माझा विरोध नाही. रुग्णाला बरं वाटतं, घरच्यांचा हात लागतो, सांधे हलतात. दोन गोष्टी फक्त सांभाळा. तेल लावलेल्या त्वचेवर पॅड चिकटत नाही आणि करंट नीट पसरत नाही, म्हणून आधी मशीन, मग तेल. दुसरं, खांदा रगडायचा किंवा ओढायचा नाही. पक्षाघातानंतर खांद्याचे स्नायू ढिले पडतात, हाताच्या वजनाने सांधा खाली उतरतो. रुग्णाला उठवताना काखेत हात घालून किंवा हात धरून ओढतात, त्याने कायमचं दुखणं लागतं.

खांद्यासाठीही हे मशीन वापरतात, एक पॅड खांद्याच्या हाडावर मागे आणि दुसरा दंडाच्या वर मागच्या बाजूला. सुरुवातीच्या काळात लावलं तर सांधा उतरण्याचं प्रमाण कमी होतं. जुन्या उतरलेल्या खांद्यात तेवढा गुण दिसत नाही.

माळरान

विषय निघालाच आहे तर. आमच्या भागात लकवा मारला की पहिल्या दिवशी माणसाला दवाखान्यात न नेता गावोगावच्या "लकव्याच्या औषधा"ला नेतात. कबुतराचं रक्त चोळायचं, मांस खायला घालायचं. माझ्या चुलत भावाला तसंच नेलं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. आज तो अंथरुणावर आहे. नंतरच्या मशीनबद्दल बोलताना हे कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहिलं.

तिसरी_पाळी

माळरान, लिहिलंत ते फार बरं केलंत. मी डॉक्टर आहे, तातडीच्या विभागात काम करते. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, जीभ अडखळणं यातलं एकही अचानक दिसलं तर थेट अशा रुग्णालयात जा जिथे सीटी स्कॅन आहे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका मेंदूचा जास्त भाग वाचतो. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कळत नाही, म्हणून घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नका.

आपलं आपणच बरं होतंय असं वाटलं तरीही जा. पाच-दहा मिनिटांत गेलेला झटका पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असू शकतो.

थेम्सकाठ

मी इंग्लंडमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून, म्हणजे रुग्णांना रोजची कामं पुन्हा शिकवायचं, काम करते. उपचारांबद्दल सल्ला देणाऱ्या इथल्या नाइस संस्थेने २०१३ मध्ये पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात हातासाठी विद्युत उत्तेजना सरसकट देऊ नका असं म्हटलंय. कोकणकडा यांचा अनुभव त्याच्याशी जुळतो.

पण लगेच पुढचं वाक्य असं आहे की, ज्यांच्या स्नायूत आकुंचन दिसतं पण विरोधाविरुद्ध हात हलवता येत नाही, अशांना प्रयोग म्हणून देऊन बघा. रानजाईच्या बाबांचं वर्णन वाचून ते या दुसऱ्या वाक्यात बसतील असं वाटतं. प्रयोग म्हणजे मुदत ठरवून. सहा-आठ आठवड्यांनी मोजायचं, फरक नसेल तर थांबायचं. आपल्याकडे वर्षानुवर्षं मशीन चालूच राहतं, कारण बंद करायला कुणाचा जीव होत नाही.

कोकणकडा

म्हणजे इंग्लंडवालेही तेच सांगतायत. मग आमच्या काकांच्या वेळी कुणी हे का नाही सांगितलं? प्रत्येक जण "चालू ठेवा, येईल" म्हणत होता.

हातखंडा

कोकणकडा, काकांच्या हाताला पहिल्या आठवड्यात बोटं थोडीही उघडता येत होती का? किंवा खांदा बाजूला उचलता येत होता का?

विचारण्याचं कारण आहे. नेदरलँड्समध्ये एक मोठा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर तीन दिवसांच्या आत ज्यांना बोटं थोडी उघडता येत होती आणि खांदा थोडा बाजूला उचलता येत होता, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी थोडंफार कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के निघाली. दोन्ही जमत नव्हतं त्यांची २५ टक्के, आणि नवव्या दिवशीही जमत नसेल तर १४ टक्के. मेंदूकडून हाताकडे येणारा मुख्य मार्ग किती वाचलाय याची ती खूण आहे. तो मार्गच तुटला असेल तर बाहेरून कितीही करंट द्या, आतून येणारा हुकूम कुठून आणणार? काकांनी कमी कष्ट केले असं यात अजिबात नाही. ज्यांनी तुम्हाला "येईल येईल" सांगितलं त्यांनी हे समजावून सांगायला हवं होतं, हे मात्र खरं.

कोकणकडा

बोटं नाही. खांदाही नाही. पहिले पंधरा दिवस हात पिठाच्या गोळ्यासारखा होता. आज पहिल्यांदा कुणीतरी नीट सांगितलं. आभार.

जुनी_पानं

थोडं अवांतर. विजेने लकवा बरा करायचा प्रयत्न फार जुना आहे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला बेंजामिन फ्रँकलिनकडे लोक आपापले लुळे हातपाय घेऊन यायचे आणि तो त्यांना साठवलेल्या विजेचे झटके द्यायचा. १७५७ मध्ये त्याने जॉन प्रिंगल या डॉक्टरांना पत्र लिहून आपला अनुभव कळवला. पहिले काही दिवस हाताला ऊब यायची, थोडी जास्त हालचाल दिसायची, रुग्ण खूश व्हायचे. पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबायची आणि माणसं निराश होऊन घरी जायची. टिकाऊ फायदा आपण पाहिला नाही असं त्याने सरळ लिहिलं. त्याचं पुढचं निरीक्षण मला फार आवडतं. जो तात्पुरता फायदा दिसला, त्यात रोज आपल्या घरापर्यंत येण्याजाण्याच्या व्यायामाचा आणि बरं होण्याच्या उमेदीचाही वाटा असेल, अशी शंका त्याने घेतली आहे.

हातखंडा ताई आज जे सांगतायत त्याच्या जवळ तो माणूस पावणेतीनशे वर्षांपूर्वी नुसत्या निरीक्षणाने पोचला होता.

बे_एके_बे

जबरदस्त माहिती! वाचनखूण साठवली.

ओहायोकर

मग पुढची गोष्ट मी सांगतो, कारण ती मी राहतो त्या अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमधलीच आहे. इथल्या संशोधकांनी विचार केला की रुग्णाचा प्रयत्न आणि करंट यांची वेळ जुळायला हवी, तर करंट रुग्णाच्याच ताब्यात का देऊ नये? चांगल्या हातात सेन्सर लावलेला हातमोजा घालायचा. चांगला हात जितका उघडाल तितका करंट दुबळ्या हाताला जातो आणि तोही तितकाच उघडतो.

२०१६ मध्ये त्यांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पक्षाघात होऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ लोटलेले ८० रुग्ण. निम्म्यांना हातमोजाची पद्धत, निम्म्यांना मशीन आपलं आपण चालू-बंद होणारी नेहमीची पद्धत. दोन्हीकडे १२ आठवडे, घरी मशीन आणि शिवाय केंद्रात येऊन प्रत्यक्ष कामांचा सराव. एका मिनिटात किती लाकडी ठोकळे एका खोक्यातून दुसऱ्यात टाकता येतात, ही परीक्षा. उपचार संपल्यावर सहा महिन्यांनी हातमोजावाल्यांची सुधारणा सरासरी ४.६ ठोकळे, नेहमीच्या पद्धतीची १.८.

फरक मोठा आहे असं म्हणत नाही. मिनिटाला चार-पाच ठोकळे जास्त म्हणजे चमत्कार नव्हे. पण करंट दोघांनाही मिळाला होता आणि ताबा स्वतःकडे असलेले पुढे गेले.

रानजाई

हा हातमोजा इकडे मिळतो का?

हातखंडा

रानजाई, त्याची वाट बघत बसू नका. तत्त्व घरच्या घरी वापरता येतं. साध्या मशीनवर करंट चढायला लागला की मुंग्या कळतात. त्या कळल्या की बाबांनी दोन्ही हात एकदम उघडायचे, डावा आणि उजवा. तुम्ही शेजारी बसून "उघडा" म्हणा. समोर स्टीलचा पेला ठेवा. हात उघडला की पेल्याभोवती न्यायचा, करंट थांबला की मूठ आपोआप पेल्यावर बसते. पुढच्या करंटला पेला सोडायचा. नुसती हवेत उघडझाप नको, प्रत्येक वेळी हातात काहीतरी असू द्या.

पुन्हा_सूर

आतापर्यंत वाचत होतो. मी स्वतः रुग्ण आहे, म्हणून हाताच्या आतल्या बाजूने लिहितो.

आधी मुंग्या येतात. मग कुणीतरी आतून दोरी ओढावी तसं मनगट वर जातं. पहिल्यांदा भीती वाटली, कारण हात माझा आणि ओढणारा मी नव्हतो. पॅड बोटभर जरी सरकला तरी सगळं बदलतं. थोडा अंगठ्याच्या बाजूला गेला तर मनगट वाकडं होऊन वर येतं आणि बोटं मिटलेलीच राहतात. थोडा आत घेतला की मधली दोन बोटं उघडतात, पण करंगळी आणि अंगठा ढिम्म. अंगठ्यासाठी माझ्या थेरपिस्टने मनगटाच्या वर चार बोटं एक वेगळा छोटा पॅड लावून जागा शोधली. सापडल्यावर बॉलपेनने त्वचेवर खूण केली आणि बायकोला सांगितलं, अंघोळीत पुसली तर परत काढायची. हे काम सगळ्यात महत्त्वाचं होतं असं मला वाटतं. जागा चुकली तर तास घालवूनही हाती काही लागत नाही.

दुसरं, पॅड वाळले की करंट टोचायला लागतो. लोक समजतात मशीन बिघडलं. ओल्या बोटाने जेल ओलसर करा, तरी टोचला तर पॅड बदला. हातावर केस जास्त असतील तर कात्रीने कापा. दाढी करायची रेझर नको, बारीक कापल्या जागी करंट चावतो.

सुधारणा एका दिवशी दिसत नाही. मला आधी मशीन लावून बोटं उघडता यायची, मग मशीन काढल्यावर पहिली काही मिनिटं थोडी यायची, मग ती मिनिटं वाढत गेली. आज तांब्या उचलतो, दार उघडतो, पेटीचा भाता मारतो. पण सूर डाव्या हातानेच वाजवतो, आणि शर्टाची बटणं अजून बायको लावते. माझा हात आला का? माझ्या हिशोबात आला. कारण भाता मारणारा हात माझाच आहे.

दुपारचा_चहा

पुन्हा_सूर काका, एकदा इथे ध्वनिमुद्रण टाका. ऐकायला आम्ही सगळे आहोत.

सांजवात

करंटच्या चर्चेत एक गोष्ट राहतेय. नवऱ्याच्या पक्षाघातानंतर ते व्यायाम करायचेच नाहीत. आम्हाला वाटायचं आळस आहे, सगळे रागवायचो. एका डॉक्टरांनी ओळखलं की ते नैराश्य आहे, पक्षाघातानंतर बऱ्याच जणांना येतं आणि त्यावर औषध असतं. औषध सुरू झाल्यावर ते स्वतःहून मशीन मागायला लागले. तुमचे बाबा कमी बोलत असतील, कारण नसताना डोळ्यांत पाणी येत असेल, झोप उडाली असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि आईकडेही बघा. दिवसभर एका माणसाचं सगळं करणाऱ्या बाईची पाठ आणि मन दोन्ही थकतं. आठवड्यातली एखादी दुपार तरी तिला मोकळी द्या.

बातमीपत्र

मी वाचलं होतं की आता मानेतल्या नसेला करंट देऊन हात बरा करतात. ते हेच का?

तिसरी_पाळी

नाही, ते अगदी वेगळं आहे. मानेतल्या व्हेगस नावाच्या नसेभोवती शस्त्रक्रिया करून तार बसवतात आणि छातीत त्वचेखाली छोटं यंत्र. व्यायाम करताना थेरपिस्ट हालचालीच्या क्षणी बटण दाबतो आणि नसेतून मेंदूला झटका जातो. हात त्या करंटने हलत नाही. रुग्णाने स्वतः केलेल्या हालचालीचा ठसा मेंदूवर जास्त उमटावा असा तो प्रयत्न आहे. २०२१ मध्ये १०८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली, सगळ्यांचा पक्षाघात किमान नऊ महिने जुना होता. त्याच वर्षी एफडीए या अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने मान्यता दिली. कानाला लावायचे क्लिप किंवा मानेवर चिकटवायचे पॅड विकणारे याचं नाव घेऊन विकतील, त्यांच्यापासून लांब राहा. मानेवर घरचं मशीन लावणं धोक्याचं आहे.

या दोन्ही चाचण्यांतून एक गोष्ट मात्र सगळ्यांनी लक्षात घ्यावी. सहा महिने उलटले की हात येतच नाही, असं जे घरोघरी सांगितलं जातं ते खरं नाही. सुरुवातीच्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर वेग मंदावतो. पण दार बंद होत नाही.

लोकलचा_डबा

मुंबईत असाल किंवा येऊ शकत असाल तर हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. १९५५ पासून हेच काम चालतं. एकदा तिथे दाखवून घरचा कार्यक्रम आखून घेतला तर खर्च आटोक्यात राहतो.

रानजाई (काही आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे आभार मानायचे राहिले होते. भावाने टेन्सचं मशीन मागवलं होतं, ते इथलं वाचून परत केलं आणि फिजिओ ताईंना विचारून दुसरं घेतलं. पॅडच्या जागा पेनने आखल्या. सकाळी आणि संध्याकाळी आई "उघडा" म्हणते आणि बाबा दोन्ही हात उघडतात. पहिल्या दिवसांत फार चिडायचे, आता करंट यायच्या आधीच तयार असतात.

मशीन नसताना मधली तीन बोटं थोडी उघडायला लागली आहेत. पेला पकडून बाजूला ठेवता येतो, सुटायला वेळ लागतो. अंगठा अजून तळहातात दडून बसतो. काल स्वतःहून भाकरीवर हात ठेवला, पण मोडता आली नाही. ताट बाजूला सारलं आणि उठून गेले. आता काय करू?

हातखंडा

रानजाई, तीन बोटं आपणहून उघडतायत म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच घरात मिळायला लागलंय. मशीन बंद असताना जे उरतं तेच खरं.

भाकरी मात्र घाईची झाली. एका हाताने भाकरी मोडताना तळवा आणि शेवटची दोन बोटं भाकरी दाबून धरतात, अंगठा आणि पहिली दोन बोटं तुकडा ओढतात. हाताचे दोन भाग दोन वेगळी कामं करतात, म्हणून ते फार पुढचं आहे. आत्ता भाकरी डाव्या हाताने धरू द्या आणि तुकडा उजव्याने ओढू द्या. भाकरी दुधात किंवा आमटीत भिजवलेली मऊ असू द्या. त्याआधी मऊ भाताचा घास चार बोटांनी गोळा करून तोंडापर्यंत नेणं जमवा. चमचा वापरायला तयार असतील तर दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा.

मशीन जेवणाच्या अर्धा तास आधी आटपा, लगेच आधी नको, हात थकलेला असतो. पहिले चार घास उजव्या हाताचे, बाकीचं जेवण कसंही. सगळं जेवण उजव्यानेच असा हट्ट धरला तर पोट अर्धं राहतं आणि चिडचिड वाढते. अंगठ्यासाठी ताईंना तो वेगळा पॅड लावून बघायला सांगा, पुन्हा_सूर काकांनी लिहिलाय तो.

पुन्हा_सूर

बाबांना माझा निरोप सांगा. ताट सारून मीही उठायचो. घरच्यांनी त्यावर काही बोलायचं नाही, ताट झाकून ठेवायचं, एवढंच करा.

कोकणकडा

हातखंडा ताई, एक विचारू का? काकांचा हात येणार नाही हे आता आम्ही धरून चाललोय. पण मूठ इतकी घट्ट मिटलीय की तळहात धुता येत नाही. वास येतो, नखं रुततात, काकू रडते. यावर काही आहे का?

हातखंडा

आहे, आणि हे विचारलंत ते बरं केलंत. आधी मनगट पूर्ण खाली वाकवा, मनगट खाली गेलं की बोटं आपोआप ढिली होतात. मग अंगठ्याच्या बुडाशी धरून अंगठा बाहेर काढा, मग बाकीची बोटं. बोटांची टोकं धरून कधीच ओढू नका. कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्यांत पूर्ण कोरडं करा, नखं दर आठवड्याला कापा. दिवसा तळहातात मऊ सुती कापडाची गुंडाळी ठेवा. जखम झाली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आखडलेपणा फार असेल तर बोटं मिटवणाऱ्या स्नायूंत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू तात्पुरता ढिला करणारं, इंजेक्शन देतात. त्याचा असर साधारण तीन महिने राहतो, तेवढ्या काळात ताण देऊन आणि रात्री स्प्लिंट (हात उघडा धरून ठेवणारा आधार) लावून हात बराच मोकळा करता येतो. हाताने काम होणार नसलं तरी स्वच्छतेसाठी आणि दुखणं कमी करण्यासाठी ते देणं योग्यच आहे. न्यूरॉलॉजिस्टला किंवा पुनर्वसनाच्या डॉक्टरांना भेटताना मूठ कशी आणि किती उघडते ते स्वच्छ शब्दांत सांगा. तुमचा जिल्हा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तिकडे कोण बघतं ते विचारून कळवते.

कोकणकडा

व्यनि केलाय. मनगट खाली वाकवायचं आजच काकूला फोन करून सांगतो.